धुऱ्याचं इंग्रजी

तेलंगणातल्या नेरडीगोंड्याच्या बसमध्ये माझ्या पुढं बाप-लेक बसले होते. लेकीच्या हातात शेताचा धुरा, म्हणजे बांध, मोजून मागणारा परत आलेला अर्ज होता.

"आता काऊन परत केला, सुनयना?"

"मी धुऱ्याले बॉर्डर लिहिलं, बाबा. साहेब म्हणे, बॉर्डर दोन राज्यांत असते, शेताची बाउंड्री."

"अन् मागच्या खेपेस?"

"एज लिहिलं होतं. ते म्हणे, एज म्हणजे नुसती कड, टेबलाचीबी असते."

"सरळ धुरा लिहाचं ना."

"तिथं मराठी कोण वाचते, बाबा?"

"तिकडं शेजाऱ्यानं यंदा धुरा फोडून नांगराचे आणखी दोन तासं आपल्या वावरात घातले."

"आता बाउंड्रीच लिहून राह्यली ना."

"लिही. पण साहेबाले इचारून ठेव, धुरा पुरा नांगरून गेल्यावर त्याले काय म्हणतेत."