समुद्र नसलेलं थेटर

चेअरमनच्या हुशारीचं नाव तुमी काढलंत म्हणून सांगतो. दुष्काळात आमच्या सहकारी साखर कारखान्याचा हा चेअरमन अभ्यास दौऱ्यावर कोकणात गेलता. तिथं समुद्राकाठचं एक नाट्यगृह त्याला लई आवडलं. ना कमान, ना नक्षी, सगळं कोरं सिमेंट. लाटेसारखं छत, बोटीसारख्या गोल खिडक्या अन् पश्चिमेला अख्खी काचेची भिंत. गडी त्याचा नकाशाच घेऊन आला.

आमचा इंजिनियर म्हणला, "साहेब, ही काच समुद्र दिसावा म्हणून हाय. आपल्याकडं तिकडं नुसता माळ हाय."

"तू नकाशात हात घालू नको," चेअरमन म्हणला.

उद्घाटनाला झाडून सगळे सभासद बोलावले. दुपारचं ऊन काचेतून थेट अंगावर, माणसं भाजून निघाली. चेअरमन माईकवर त्या कोकणातल्या थेटराचा इतिहास सांगत होता. "बांधणाऱ्याची इच्छा एकच होती. प्रेक्षकाला बसल्या जागी पाणी दिसलं पाहिजे."

तेवढ्यात काचेपलीकडं माळावर धुरळा उठला. शेजारी बसलेला, नेकनूरहून आलेला माझा मेव्हणा हळूच म्हणला, "दाजी, टँकर."

हळूच म्हणला, पण सगळ्या हॉलनं ऐकलं. मिनिटात खुर्च्या मोकळ्या. चेअरमनचा ड्रायव्हर तर स्टेजवरचा पूजेचा कलश घेऊन पळाला.

आता चेअरमन इंजिनियरला शिव्या देतो, म्हणतो नकाशा चुकला. कशापायी चुकला? बसल्या जागी पाणी दिसलं की.