करडीच्या तोंडातली कडी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती मुख्य प्रशिक्षकसाहेब, वहिनी, आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेले पागेतले माझे सहकारी! पुढे या हो, खुर्च्या रिकाम्या आहेत. आज साहेब ओरडणार नाहीत.

साहेबांनी आपल्या अश्वारोहण शाळेला अठ्ठावीस वर्षं दिली. त्यांचा सिद्धांत एकच. घोडा ऐकत नाही? लगामाची तोंडातली कडी बदला, आधीपेक्षा कडक घाला. माणसांच्या बाबतीतही त्यांनी हे तत्त्व कधी सोडलं नाही, हे मागच्यांना ठाऊक आहे.

आत्ताच मानपत्रात करडी घोडीचा उल्लेख झाला. कडी दिसली की ही मागे सरायची, मान झटकायची. साहेबांनी चार कड्या बदलल्या. पाचवी तर लांब दांड्यांची, जिभेला टोचणारी. बघूनच माझे दात शिवशिवले. मी म्हटलं, "साहेब, एकदा तोंड उघडून बघू या का?"

"कोणाचं? तुमचं तर उघडंच असतं, बाई!"

केवढी ही विनोदबुद्धी! पुढे म्हणाले, "महिन्याभरात सुधारली नाही तर विकून टाकू."

साहेब रजेवर गेले आणि मी डॉक्टरांना बोलावलं. कडी टेकते नेमकी तिथेच, हिरडीत एक बारीक दात रुतलेला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! दात काढला, जखम भरू दिली. मग तीच पाचवी कडी मऊ चामड्यात गुंडाळली, हनुवटीखालची साखळी सैल केली. साहेब परतले, स्वार झाले, आणि करडी बोटाच्या इशाऱ्यावर वळली.

"बघितलंत? याला म्हणतात कडी!"

मी म्हटलं, "हो, साहेब."

टाळ्या नकोत, पुढचं ऐका. करडी वाचली. पण त्या यशाच्या जोरावर साहेबांनी बाकीच्या घोड्यांसाठी तशाच अकरा कड्या मागवल्या. चामड्याशिवाय. सहा वर्षं झाली, त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यांना मी रोज मलम लावते आणि गप्प बसते. माझ्या तोंडात तर कडीही नव्हती.

साहेब, आपल्याला निरोगी दीर्घायुष्य लाभो. उद्यापासून पागा माझ्याकडे येते आहे. सकाळी सहाला पहिलं काम कड्या उतरवण्याचं. मला बोलू दिलंत, आभार. काही उणंअधिक बोलले असेन तर इथल्या माणसांनी पदरात घ्यावं. उरलेल्या अकरा जणांची माफी मी पागेत जाऊन मागते. ते देतीलच, असं नाही.