प्रश्नांचा रकाना

—नाही बाई, याला वादळ म्हणत नाहीत. बर्फ आज आडवा पडतोय, सरोवरावरून वारा सुटलाय, पलीकडचं चर्च दिसेनासं झालंय, एवढंच. वादळ असतं तर मी दार उघडायला आलोच नसतो. कोट राहू द्या अंगावर, बॉयलर आत्ताच लावलाय, आणि असं मागच्या रांगेत बसा, पुढच्या खुर्च्या गार असतात. मी रेइनो. तिकिटं फाडतो, दारातला बर्फ काढतो, किल्ली माझ्याकडे असते. कमिटी आहे आमची, पण दुपारी सगळे कामावर, म्हणून तुमच्या वाट्याला मी आलोय. —हां, तो फॉर्म. आणलात ना? आणणारच. एवढा पूल ओलांडून या हवेत कोण उगाच येतं! पिक्चर दाखवा, त्याआधी शास्त्रज्ञाचं भाषण ठेवा आणि त्याचं अनुदान घ्या — अशी तुमची योजना, आणि ‘प्रेक्षकांनी किती प्रश्न विचारले’ त्या रकान्यात आमचं शून्य. नऊ भाषणं, नऊ शून्यं. अक्षर माझंच आहे. सहावीत शाळा सोडली मी, पण शून्य काढता येतं. —समजतं हो मला. पुढच्या वर्षी अनुदान द्यायचं की नाही ते तुम्ही आज ठरवणार. नाही दिलंत तर हा बॉयलर बंद, आणि बॉयलर बंद म्हणजे थिएटर बंद. मग पिक्चर बघायला नव्वद मैल. सगळं माहीत आहे. पण कुणी विचारलाच नाही प्रश्न, तर मी काय लिहू?

आता तुमची माणसं कशी असतात तेही लिहून घ्या की त्या कागदावर. पहिला आला तो बर्फाचा जाणकार. ध्रुवावरचा पिक्चर होता, म्हणून हा. इथे उभा राहिला, पातळ बूट घालून, आणि हळूहळू, लहान मुलांशी बोलावं तसं आम्हाला विचारतो — ‘तुमच्यापैकी कुणी गोठलेलं सरोवर पाहिलंय का?’ पुढच्या दोन रांगा मासेमारांच्या. अर्धं आयुष्य त्या बर्फाला भोक पाडून त्याच्यावर बसून काढलेली माणसं. एकानेही हात वर केला नाही. का म्हणजे? लाज वाटली. स्वतःची नव्हे, त्याची! आणि ते महाशय खूश — चला, म्हणे, मग आज तुम्हाला काहीतरी नवीन कळणार. दुसरा तो अवकाशवाला, गळ्यात ग्रह काढलेला टाय. पिक्चरमध्ये यानं फुटतात ना, तर हा आधीच सांगून बसला की अवकाशात आवाजच होत नाही. मग पुढे जेव्हा जेव्हा काही फुटलं तेव्हा अख्खं थिएटर मान खाली घालून बसलं, जणू कुणाच्या घरचं भांडण ऐकू येतंय. मधमाश्यांवाली मात्र बरी होती. मध आणला होता. पण तीसुद्धा तसलीच — सगळे तसलेच — भाषण संपलं की हात चोळतात, म्हणतात, ‘काही प्रश्न?’ आणि थांबतात किती? तीन श्वास. मी मोजलेत, बाई. तीन! इथे माणसाला कॉफी देऊ का विचारलं तर ‘दे’ म्हणायला तो त्याहून जास्त वेळ घेतो. माझ्या बापाने माझ्या आईला मागणी घातली उन्हाळ्यात, आणि तिने उत्तर दिलं बर्फ पडल्यावर. आणि हे तीन श्वास थांबतात, ‘बरं तर’ म्हणतात, पिशवी उचलतात आणि गाडीत बसून आमच्याबद्दल बोलत जातात — थंड लोक, कशातच रस नाही. पुलाखालची माणसं — पुलाच्या दक्षिणेला राहणाऱ्यांना आम्ही तसंच म्हणतो! तुम्हाला नाही म्हणत. तुम्हालाही म्हणतोय, पण तुम्ही निदान कॉफी संपवलीत.

—रस? रस नाही कोण म्हणतं? शनिवारी सॉनात या म्हणजे कळेल. नाही, तुम्ही कशा याल, पुरुषांची पाळी असते. वरच्या फळीवर सहा जण बसलेले, दगडांवर पाणी मारलं, वाफ वर आली, दहा मिनिटं कुणी बोलत नाही, आणि मग एकजण सुरू करतो — ‘रेइनो, तो म्हणाला बर्फ खालून वितळतो. मग वरून मोजून काय उपयोग?’ झालं. मग बाकीचे. राणीमाशी मेली की बाकीच्यांना कसं कळतं, आवाज नाही तर मग उजेड कसा पोचतो. मला विचारतात, कारण मी दाराशी उभा राहून सगळं ऐकलेलं असतं. मला काय कळतंय! जे आठवतं ते सांगतो, जे नाही आठवत ते या वहीत — ही काही नाही, किराण्याची यादी करायची वही — त्यात उतरवून ठेवतो, म्हटलं पुढचा शास्त्रज्ञ आला की विचारावं. विचारत नाही. ते तीन श्वासच थांबतात. —अहो, हे कशाला फॉर्मबरोबर पाठवू? फॉर्मवर स्पष्ट लिहिलंय, ‘सभागृहात’. सॉना म्हणजे काय सभागृह? जे झालं नाही ते झालं म्हणून लिहायची सवय तुमच्याकडे असेल. —बघा हवं तर. मासेमारांचे ते, वरचे. शेवटचे मधमाश्यांचे. —नाही, ते पान राहू द्या. राहू द्या म्हटलं ना! …वाचलंत. ठीक आहे. वाचता येतंय म्हणजे अक्षर फार वाईट नाही.

ते नवव्या भाषणाचं आहे. खाणीचा पिक्चर होता, आणि आली ती डॉक्टर, पोरसवदा. मला वाटलं, ही आता आम्हाला खाण म्हणजे काय ते शिकवणार. तर तिने पडद्यावर फुप्फुसाचा फोटो लावला. असाच दिसत होता, आत्ता बाहेर दिसतंय तसा, पांढरा. म्हणाली, दगड फोडताना उडणारी धूळ आत बसते ती बसतेच, माणूस खाण सोडून वर येतो तरी वर्षानुवर्षं दम कमी कमी होत जातो, आणि घरच्यांना वाटतं हा कामचुकार आहे. —माझा धाकटा भाऊ. ताउनो. बावीस वर्षं तांब्याच्या खाणीत. मी नाही उतरलो खाली, मी इथेच, सावलीत. छपरावरचा बर्फ आम्ही दोघं मिळून काढायचो, माझ्या घरचा आणि त्याच्या घरचा, घरं शेजारीशेजारी. आणि तो चार फावडी मारली की थांबायचा, फावड्याला टेकून सरोवराकडे बघत राहायचा. मी खालच्या लोकांना ऐकू जाईल असं ओरडायचो, ‘ताउनो, फावड्याशी लग्न लावलंस की काय!’ लोक हसायचे. तोही हसायचा, पण आवाज न करता. शेवटच्या हिवाळ्यात तो वर चढलाच नाही, आणि मी एकट्याने दोन्ही छपरं साफ केली हे गावात सगळ्यांना सांगत फिरलो. त्रेपन्नाव्या वर्षी गेला. वीस वर्षं झाली त्याला. —नाही, कॉफी नको मला.

त्या पानावर आहे तेवढंच विचारायचं होतं त्या डॉक्टरला. असा माणूस फावड्याला टेकून उभा असला, तर तो दम खातोय की आळस करतोय, हे बघणाऱ्याला कळतं का? कळायला हवं होतं का? एवढंच. पण ते तीन श्वासांत बसत नाही हो. माझे शब्द जुळेपर्यंत तिने ‘बरं तर’ म्हटलं आणि पिक्चरसाठी दिवे मालवले. मग मी शून्य लिहिलं, कारण शून्यच होतं. —जा तुम्ही आता, पुलावरचा रस्ता चारनंतर निसरडा होतो. वही ठेवा इथे. बरं, न्या, न्यायचीच असेल तर न्या, मी नवीन आणीन, पण मला आता काही विचारू नका, सॉनातसुद्धा मी एवढं बोलत नाही. —हो, त्या भाषणाच्या वेळी कुणीतरी होतं ना शेजारी. सिल्वी होती, ताउनोची बायको, तेच शेजारचं घर. दुसऱ्या दिवशी सकाळी वेलदोड्याचा पाव घेऊन आली, तेव्हा मी स्वयंपाकघरात हा फॉर्म भरत बसलो होतो. तिने पाव ठेवला, माझ्या खांद्यावरून कागद वाचला आणि म्हणाली, “काल तुझा हात खांद्यापर्यंत वर गेला होता, रेइनो. मी बघत होते. वीस वर्षं वाट बघतेय मी, तू कुणाला तरी हे विचारशील म्हणून.”