सासूबाईंचं विमान

अगं, मी विमान कंपनीत सुरक्षिततेचं बघते आणि नवरा संदीप तिथेच खर्चाचं, हे तुला माहीतच आहे. परवा जोगेश्वरीला सासूबाईंकडे जेवतानाही आमचं तेच भांडण चाललं होतं. धुराचा लवकर इशारा देणारं नवीन यंत्र सगळ्या विमानांत लगेच बसवा, असं माझं म्हणणं. संदीप म्हणाला, "एवढा खर्च एकदम झेपणार नाही गं. यंदा निम्म्या विमानांत बसवू, उरलेल्यांत पुढच्या वर्षी."

सासूबाई पुढच्या आठवड्यात पहिल्यांदाच विमानाने, तेही आमच्याच कंपनीच्या, जाणार होत्या, नागपूरला भावाकडे. भात वाढता वाढता त्यांनी विचारलं, "संदीप, माझं विमान कुठल्या निम्म्यातलं रे?"

त्याने हातातला घास ताटात परत ठेवला. मग हळूच मला म्हणाला, "उद्या मीटिंगमध्ये तूच बोल. मी गप्प बसतो."