करंगळी न टेकता

सन्माननीय अध्यक्ष महोदय, संस्थेचे चिटणीस साहेब, व्यासपीठावरील पाहुणे, ज्यांच्या निवृत्तीसाठी आज आपण जमलो आहोत त्या आदरणीय बाई, आजी-माजी विद्यार्थिनी, आणि मागच्या भिंतीला टेकून उभे असलेले त्यांचे नवरे आणि वडील,

उभ्यांनी उभंच राहावं. मी फार वेळ घेणार नाही.

बाईंनी या सौंदर्यवर्गात एकतीस वर्षं आयलायनर शिकवलं. एकतीस वर्षं एकच रेघ! बाहेरच्या माणसाला हसू येईल. पण अर्धा मिलिमीटर म्हणजे काय, ते मला विचारा. पापणीच्या केसांच्या मुळाशी रेघ बसली तर डोळा बोलायला लागतो. अर्धा मिलिमीटर वर गेली, की आत्ताच रडून आल्यासारखा दिसतो. कातडी बोटानं ताणून रेघ काढलीत, तर बोट सोडताक्षणी तिला सुरकुत्या पडतात. हे मला कोणी शिकवलेलं नाही. म्हणजे बाईंनी शिकवायला घेतलं होतं. पाचव्या महिन्यात नापास केलं.

चिटणीस साहेब, घड्याळ कसलं बघता? हे गौरवाचंच भाषण आहे.

मी तेव्हा दुकानांच्या पाट्या रंगवायचो. वर्गात एकटा पुरुष. बाईंनी मला नावानं कधी हाक मारली नाही. "अहो पाटीवाले, तो डोळा आहे, किराणा दुकान नव्हे!" सगळ्याजणी हसायच्या. मीही हसायचो, न हसून सांगतो कोणाला? आता, पाटी रंगवणारा हात कधी अधांतरी धरत नाही. करंगळी कुठेतरी टेकवतो, मग ब्रश चालवतो. तीच सवय मी इथे आणली. करंगळी गालावर टेकवायची आणि रेघ ओढायची. बाई म्हणाल्या, "ही कुबडी आहे. लंगड्यानं घ्यावी." त्यांचा स्वतःचा हात हवेत, आणि रेघ गवंड्याच्या ओळंब्यानं मारल्यासारखी. खोटं कशाला बोलू? तसा हात मी पुन्हा पाहिला नाही.

परीक्षेला प्रत्येकानं आपापलं माणूस बसायला आणायचं असे. मी बायकोला आणलं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली बिचारी.

"नीट काढाल ना हो?"

"बघ तर खरी."

डावा डोळा मी करंगळी टेकवून काढला, आणि तो बघण्यासारखा झाला. तेवढ्यात बाई मागून आल्या. हातातल्या पेन्सिलीनं माझी करंगळी उचलली आणि तशीच वर धरून ठेवली. "हं, आता काढा दुसरा." दुसऱ्या डोळ्याची रेघ कानाकडे जायची ती भुवईला जाऊन भेटली. मी कापूस उचलला. बघा, माजी विद्यार्थिनींचे ओठ हलायला लागले. पुढचं त्यांना पाठ आहे. "चुकलेली रेघ पुसायची नाही. तशीच घरी न्यायची. म्हणजे जन्मभर लक्षात राहते."

नियम म्हणजे नियम. बायकोनं ती बसमधून घरी नेली. चाळीस मिनिटं. समोरच्या बाकावर दोन पोरी होत्या. एक दुसरीला म्हणाली, "अगं, हिचा एक डोळा लग्नाला निघालाय आणि एक मयताला!" सगळी बस हसली.

ती तिकडे तिसऱ्या रांगेत बसली आहे. हवं तर वळून बघा. त्या दिवसापासून तिनं डोळ्यांना काही लावलेलं नाही, मलाही लावू दिलेलं नाही. मी चमच्याच्या पाठीवर शिकलो. चमच्याची पाठ पापणीसारखीच फुगीर असते आणि चमचा बसनं घरी जात नाही. दोन वर्षं चमचे रंगवले, मग आरशात खाली नजर करून स्वतःच्या पापण्या. आज रंगभूषाकार म्हणून माझ्या हाताखालून शेकडो नट्या जातात. घरातले दोन डोळे मात्र राहिले ते राहिलेच.

गेल्या महिन्यात बाई स्वतः निमंत्रण घेऊन माझ्याकडे आल्या. मी चहा दिला. बाईंच्या हातातला कप बशीवर वाजत होता. खाली ठेवेपर्यंत वाजत होता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी बशीकडे. "कोणाला बोलू नका," म्हणाल्या. "आणि त्या दिवशी मला रेघ काढायला लावू नका, एवढं सांभाळा."

मी महिनाभर कोणाला बोललो नाही. आज बोलतोय.

या संस्थेची रीत आहे, की जाणाऱ्या शिक्षिकेनं व्यासपीठावर एका विद्यार्थिनीचे शेवटचे दोन डोळे काढायचे. कार्यक्रमपत्रिकेतून ते यंदा गळलं होतं. पत्रिका छापून घ्यायचं काम माझ्याकडे होतं, छापायला देण्याआधी मी पुन्हा घातलं. ट्रेही मीच मांडलाय. ये बाळ, बस खुर्चीत. डोळे मीट, हलू नकोस. बाई, या. जोरदार टाळ्या!

करंगळी वरच आहे. शाबास.

आता टाळ्या नकोत. मागच्यांना दिसत नसेल, म्हणून सांगतो. उजवा डोळा झाला. रेघ तीन ठिकाणी तुटली आहे आणि शेपूट भुवईकडे गेलंय. बाई, काय शोधताय? कापूस नाही त्या ट्रेमध्ये. मी ठेवलेला नाही. नियम तुमचाच.

आता डावा.

टेकली! पाहिलंत? करंगळी गालावर टेकली. रेघ बघा आता, रेघ बघा! ओळंबा! बाई, कुबडी नव्हती हो ती. एवढं बघायला मी तेवीस वर्षं थांबलो.

अगं, तू कुठे निघालीस? भाषण संपायचंय माझं.

माझी सौभाग्यवती व्यासपीठावर येत आहे. अध्यक्ष महोदय, माफ करा, तुमच्या पाण्याच्या ग्लासात तिनं रुमाल बुडवला. मुलीचा उजवा डोळा पुसते आहे. माईक तिथवर पोचत नाही, म्हणून मीच सांगतो, "पोर घरी कशी जाईल?" एवढंच म्हणतेय. माझ्याकडे बघत नाहीये.

बरं.

अध्यक्षांचे, संस्थेचे, आणि इतका वेळ श्वास रोखून बसलेल्या आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात कुठे वाकडी रेघ गेली असेल तर उदार मनानं क्षमा करावी. एक माझ्या बायकोनं पुसली आहे. बाकीच्या ज्याच्या त्यानं तशाच घरी न्याव्यात.