लांबून येणारा ड्रम

यंदा लेकीला शाळेच्या कार्यक्रमाला न्यायचंच नाही, असं आईनं कालच ठरवून टाकलं होतं. आज कामावरून परतताना बसमध्ये पुढच्या बाकावरचा आवाज तिनं ओळखला. लेकीच्या शाळेतले गाण्याचे सर होते. शेजारी त्यांची थोरली बहीण इअरफोन लावून कार्यक्रमाचं गाणं ऐकत बसली होती.

"सांग ना ताई, कुठे खुपलं?"

"माझं डोकं दुखवायचं आणि वर विचारायचं."

"घरात मिक्सर लागला की गच्चीवर पळणारी तूच. इतके हळवे कान मी दुसरीकडून कुठून आणू?"

"सुरुवात गोड आहे. पण मधेच तो ड्रम असा दणकन येतो, की इअरफोन काढून फेकावासा वाटतो."

"काढून टाकू?"

"नको, बाकीची पोरं रुसतील. आधी लांबून वाजू दे, मग हळूहळू जवळ आण. येतोय हे कळलं की कान धास्तावत नाहीत."

"बरं, लांबून."

"पण एका गाण्यापायी एवढा आटापिटा कशाला रे?"

"गेल्या वर्षी एक चिमुरडी कान दाबून रडायला लागली. तिला उचलून बाहेर नेताना तिची आई मलाच सॉरी म्हणाली. ड्रम माझा, आणि माफी तिनं मागितली."

"यंदा येतील का त्या?"

"कोण जाणे. कुठल्या तोंडानं विचारू?"

मागच्या बाकावरून आई पुढे झुकली.

"सर, टाळ्याही अशाच लांबून आणता येतील का? यंदा आम्ही दोघी येतोय."