तांदळाच्या दाण्याएवढं गवत

…आणि वर बूट पाहिजेत म्हणे! आता तुम्हीच सांगा, गंजाडच्या चिमणने जन्मात कधी बूट घातलेत? अख्खं आयुष्य त्या माणसाने भात लावलं, माळावरचं गवत कापलं, सगळं अनवाणी, आणि आता म्हणे कॉलरचा शर्ट, बूट, वर आधी फोन करून बुकिंग! अहो, त्याला कुठे खेळायचं होतं? नुसतं बघून यायचं होतं हो!

काय बघून? तर मुंबईकडचं एक गोल्फचं मैदान, कुणीही जावं असं. तिथे त्याची लेक रविना गवत कापायच्या मशीनवर लागली, सहा महिने झाले. दिवाळीलासुद्धा सुट्टी मिळाली नाही पोरीला, घर कसं खायला उठलं. शेवटी बायको, जानी, म्हणाली, "तुमीच जाऊन या ना एकदा!" झालं! चिमण तडक अंगणवाडीच्या संगीताताईंकडे, आणि ताईंनी फोन लावला स्पीकरवर.

पलीकडे एक साहेब, आवाज साखरेत घोळवलेला. "किती प्लेअर आहेत, सर? चारच्या वर अलाउड नाही." "साहेब, खेळायचं नाय, नुसतं बघून यायचं." "मग कॉलर आणि शूज कम्पल्सरी, सर." बरं बाबा, घालू! तिथे तरी थांबावं की नाही? पण गवत कापणारा माणूस तो, त्याने सहज विचारलं, "यंदा गवत कितपत आलंय?" साहेब मोठ्या कौतुकाने म्हणतात, "ग्रीनवर, म्हणजे बॉल घालायच्या भोकाभोवती, चार मिलिमीटर, सर!" ताईंनी पट्टीवर दाखवलं… तांदळाच्या दाण्याएवढंही नाही!

तुम्हाला सांगतो, चिमणचं तोंडच उतरलं. आपल्याकडे गवत कमरेपर्यंत, ट्रक भरभरून तबेल्यांना जातं, आणि तिथे हे? कापायला गवतच नाही तर कापणारीला ठेवणार कोण? पोरीची नोकरी आज ना उद्या जाणार! आणि ती फोनवर म्हणते, "सगळं बरं आहे, बाबा." आपल्याला काळजी नको म्हणून म्हणते हो! त्याच्या घशाखाली भाकर उतरेना.

मग काय? डहाणूच्या बाजारातून बूट आणले, ते घालून बांधावरून चालायची सवय केली, दोनदा आपटला, आणि शेणखताची एक गोण शिवून तयार ठेवली. पुन्हा फोन! "साहेब, खताची गोण आत चालेल?" "सर, फक्त गोल्फबॅग अलाउड आहे." पुन्हा फोन! "दोन पाट्या तरी टाका हो. पोर कामाला चांगली आहे माझी, जमिनीचा दोष तिच्यावर नका घालू…" साहेबाचं ते 'सर' गेलं कुठच्या कुठे. हळूच म्हणाला, "काका, तुमची मुलगी कोण?"

आणि जायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, रविना दारात! साहेबानेच सुट्टी देऊन पाठवलेली. हसतेय काय, डोळे पुसतेय काय! "बाबा, ते गवत तेवढंच ठेवायचं असतं! रोज सकाळी मीच कापते, म्हणून तेवढं!"

चिमण म्हणतो, "तू कापतेस? एवढं बारीक?" आणि मग अख्ख्या पाड्याला सांगत सुटला, माझी लेक दाण्याएवढं गवत कापते म्हणून!

संगीताताईंनी पंधरा दिवस फोनवर डोकेफोड केलेली, त्या म्हणाल्या, "चला, उद्याचं बुकिंग आहेच, आता रविनाच सगळं दाखवेल." चिमण लेकीला तिसरी भाकर वाढत होता. मान वर न करता म्हणतो कसा, "आता कशाला, ताई? झालं की बघून!"